डायमंड बीचवर बर्फाचे फोटो: बॅग उघडायच्या आधी काय करायचं आणि नंतर काय

आइसलँडला जाऊन आलेली मंडळी मला फोटो पाठवतात आणि खाली एकच प्रश्न असतो, "अरे, बाकीच्यांचे येतात तसे आपले का नाही आले?" फोटो उघडून बघावा तर बर्फ राखाडी, पाणी जागच्या जागी थिजलेलं, क्षितिज एका बाजूला कललेलं आणि आकाशात चार धुरकट ठिपके, म्हणजे लेन्सवर उडालेले खारे थेंब. कॅमेरा बहुतेक वेळा माझ्यापेक्षा भारी असतो. गडबड सेटिंगची नसतेच, क्रमाची असते. गाडी लावली, बर्फ दिसला, पळत गेले, ट्रायपॉड रोवला, पन्नास फोटो मारले आणि समुद्राकडे नीट बघितलं ते बूट भिजल्यावर. ते सगळं उलट्या क्रमाने करायचं असतं, म्हणून हे इथे सविस्तर लिहून ठेवतोय.

जागा कुठली ते आधी. आइसलँडच्या आग्नेय किनाऱ्यावर वात्नायोकुल या अवाढव्य हिमनदीची एक जीभ खाली उतरते, तिच्या पायथ्याशी योकुल्सार्लोन नावाचं तळं आहे. तळ्यातून एक अगदी आखूड नदी निघते, रिंग रोडच्या (आइसलँडला वळसा घालणारा मुख्य रस्ता) पुलाखालून जाते आणि लगेच समुद्राला मिळते. हिमनदीचे तुकडे तळ्यात पडतात, महिनोन्महिने तिथे तरंगत झिजतात, मग नदीतून समुद्रात जातात आणि लाटा त्यांना परत काळ्या वाळूवर आणून टाकतात. स्थानिक नाव फेल्सफ्यारा, पण सगळं जग डायमंड बीच म्हणतं. नदीच्या मुखाच्या दोन्ही अंगांना किनारा आहे आणि दोन्हीकडे वेगळं पार्किंग. हे दोन्ही बाजूंचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

## १. घरी बसून: भरती, उजेड, वारा, याच क्रमाने

बहुतेक लोक आधी हॉटेल बुक करतात, मग सूर्योदय बघतात, आणि भरती-ओहोटी बघतच नाहीत. आधी भरती बघा.

कारण साधं आहे. भरतीला समुद्राचं पाणी नदीतून उलटं तळ्यात शिरतं, त्यामुळे बर्फ आत अडकून राहतो. पाणी उतरायला लागलं की तळं बाहेर वाहायला लागतं, तुकडे समुद्रात येतात आणि लाटा त्यांना किनाऱ्यावर फेकतात. पाणी उतरत असताना तुकडे वाळूवर बसायला लागतात आणि तरीही लाटेची कड त्यांच्यापर्यंत पोचत असते, आपल्याला हवी ती हीच वेळ. म्हणजे भरती होऊन गेल्यावर एक-दीड तासाने सुरुवात आणि पुढचे दोन-तीन तास काम. अगदी ओहोटीला तुकडे कोरडे पडतात, पाण्याच्या रेषा मिळत नाहीत. भर भरतीला उभं राहायला वाळूच उरत नाही.

आमच्या आजीचा हिशोब होता, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. कोकणात अजूनही चालतो. तिकडे हा चालत नाही, प्रत्येक किनाऱ्याची भरतीची वेळ वेगळी, तेव्हा हॉफ्न या बंदराचं भरतीचं टेबल बघायचं. पण त्यातला अर्धा भाग तिथेही खरा आहे, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी किनाऱ्यावर जास्त वर चढतं. पहिल्यांदा जात असाल तर ते दोन-चार दिवस टाळा आणि सप्तमी-अष्टमीच्या आसपासचे भांगाचे, म्हणजे पाणी कमी चढतं ते, दिवस निवडा. कालनिर्णय बघून आइसलँडची तिकिटं काढणारा माझ्या ओळखीत तरी मी एकटाच आहे.

मग उजेड. हा किनारा ६४ अंश उत्तरेला आहे. डिसेंबरच्या शेवटी सूर्य दुपारीही क्षितिजापासून जेमतेम अडीच-तीन अंश वर येतो, अकराच्या सुमाराला उगवतो, सव्वातीनच्या आसपास मावळतो, आणि दोन्ही वेळा समुद्राच्या बाजूलाच असतो. म्हणजे दिवसभर तिरपा उजेड बर्फाच्या मागून येतो, आणि बर्फ आतून पेटल्यासारखा दिसतो तो याच उजेडात. जूनमध्ये उलटं आहे, सूर्य उत्तरेकडे जमिनीच्या अंगाला उगवतो आणि तिकडेच मावळतो, त्यामुळे सूर्योदयाला समुद्रामागून येणारा उजेड मिळत नाही. मला विचाराल तर फेब्रुवारी ते मार्चची सुरुवात सगळ्यात बरी. फेब्रुवारीच्या मध्यात सूर्योदय नऊच्या आसपास, म्हणजे झोप होते, आणि कामाला सात-आठ तास उजेड मिळतो.

शेवटी वारा आणि लाटा. आइसलँडच्या हवामान खात्याच्या साइटवर वारा मीटर प्रति सेकंदात देतात, आपल्या डोक्यात किलोमीटर असतात म्हणून लोक १८ आकडा बघून "काही नाही" म्हणतात. १८ म्हणजे तासाला ६५ किलोमीटर. १५ च्या वर गेला की ट्रायपॉड थरथरायला लागतो, २० च्या वर मी किनाऱ्यावर जातच नाही, गाडीत बसून चहा पितो. लाटांच्या अंदाजात उंचीबरोबर दोन लाटांमधलं अंतर सेकंदात दिलेलं असतं, तेही बघा. तेवढ्याच उंचीची लाट पण अंतर १४-१५ सेकंदांचं असेल तर ती वाळूवर फार आतपर्यंत धावत येते. समोर मोकळा अटलांटिक आहे, अडवायला काही नाही.

तपासणी: सूर्योदयाच्या एक-दोन तास आधी भरती होऊन गेलेली आहे असा दिवस तुमच्या ट्रिपमध्ये आहे का? असेल तर त्याच्या आदल्या रात्री मुक्काम जवळ हवा. रेक्याविकहून ही जागा पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे, हिवाळ्यात एका बाजूला पाच तासांच्या वर. एका दिवसात जाऊन-येऊन फोटो काढू म्हणणाऱ्यांना दुपारचा एक तास मिळतो, तोही दमलेला. हॉफ्नला राहिलात तर ८० किलोमीटर, तासभर. त्याहून जवळ फार्महाउस आहेत, पण ती लवकर भरतात. जमलं तर सलग दोन रात्री ठेवा, कारण एखाद्या दिवशी किनाऱ्यावर बर्फच नसतो. हो, असंही होतं, आणि त्याला कुणी काही करू शकत नाही.

## २. बॅगेत काय, अंगावर काय

पायापासून सुरू करतो, कारण तिथेच सगळे फसतात. ट्रेकिंगचे वॉटरप्रूफ बूट घोट्यापर्यंत असतात आणि इथे पाणी पोटरीपर्यंत येतं. वरून पाणी आत गेलं की वॉटरप्रूफ बूट ते बाहेर जाऊ देत नाही, बादली घालून चालल्यासारखं होतं. गुडघ्यापर्यंतचे गमबूट घ्या, आपल्याकडे पावसाळ्यात शेतावर घालतात तसलेच, आत दोन जोड लोकरीचे मोजे जातील असा एक साइज मोठा. वर पाणी न झिरपणारी पँट, बुटांच्या बाहेरून, आत खोचून नाही. जीन्स अजिबात नको. हातात दोन थर, आत पातळ मोजे ज्यात बटणं दाबता येतात आणि वर जाड.

कॅमेऱ्याचं सामान थोडकं ठेवा. १६-३५ किंवा तसली वाइड लेन्स, ७०-२०० (लांबचं जवळ आणणारी) असेल तर ती, ट्रायपॉड, रिमोट, ३ स्टॉप आणि ६ स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळपट काच; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), चमक कमी करणारा पोलरायझर. बॅटऱ्या तीन, त्यातल्या दोन शर्टाच्या आतल्या खिशात अंगाला लागून, थंडीत त्या बघता बघता उतरतात. आणि लेन्स पुसायचे फडके किमान सहा. गंमत नाही करत, सहा. एक ओलं झालं की ते नुसतं मीठ पसरवत बसतं. प्रत्येक फडकं वेगळ्या छोट्या झिपच्या पिशवीत. शिवाय हवेचा फुगा (दाबून धूळ उडवायचा रबरी) आणि एका छोट्या बाटलीत साधं गोडं पाणी.

ड्रोन घरीच ठेवा, ही जागा नॅशनल पार्कात येते, परवानगीशिवाय उडवता येत नाही.

## ३. निघायच्या आधी रेवदंड्याला रंगीत तालीम

हे कुणी करत नाही आणि केलं तर सगळ्यात जास्त फायदा यातच आहे. रेवदंड्याची वाळू काळपट आहे, अलिबागचीही बऱ्यापैकी. पावसाळा सोडून कधीही जा, मासळीसाठी बर्फ विकणाऱ्याकडून अर्धी लादी घ्या, फडक्यात गुंडाळून किनाऱ्यावर न्या आणि पाणी उतरत असताना लाटेच्या कडेला ठेवा. लोक बघतील, एखादे काका येऊन "काय, शूटिंग चाललंय का?" विचारतील, विचारू दे. लादीचा मधला भाग पांढरा असतो आणि कडा काचेसारख्या, तर लादी सूर्यासमोर धरून दोन्हीतला फरक बघा: पांढरा भाग उजेड अडवतो, स्वच्छ कडेतून तो आरपार येतो. तिकडे तुकडा निवडताना हेच बघायचंय.

या तालमीत तीन गोष्टी हाताला बसल्या पाहिजेत. जाड हातमोजे घालून (हो, रेवदंड्याला, घाम फुटेपर्यंत) शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं ते) बदलणं, अंधारात फिल्टर चढवणं-उतरवणं, आणि लाट परत फिरते त्या क्षणाला रिमोट दाबणं. तिसरी गोष्ट शंभरेक लाटांनंतर जमायला लागते. त्या शंभर लाटा मुरुड-रेवदंड्याला फुकट आहेत.

## ४. किनाऱ्यावर पोचल्यावर पहिली वीस मिनिटं: बॅग बंद

गाडीचं दार उघडताना एका हाताने घट्ट धरा, तिथला वारा दार उलटं फिरवून बिजागरी वाकवतो आणि भाड्याच्या गाडीच्या इन्शुरन्समध्ये हे बऱ्याचदा धरत नाहीत. पार्किंगमध्ये काळा बर्फ, म्हणजे डोळ्याला न दिसणारा निसरडा थर, असेल तर बुटांना खिळ्यांच्या साखळ्या लावा.

आता किनाऱ्यावर जा, पण वरच्या कोरड्या भागात उभे राहा आणि नुसतं बघा. घड्याळ लावून वीस मिनिटं. काय बघायचं:

सगळ्यात लांबवर आलेली लाट कुठवर पोचली, ती जागा एखाद्या दगडाने किंवा तुकड्याने मनात पक्की करा. दहा-बारा लाटा लहान येतात, माणूस सैल पडतो, मग दोन-तीन मोठ्या एकामागून एक येतात. सातवी लाट मोठी वगैरे काही नियम नाही, मोजत बसू नका, वीस मिनिटं बघितलीत तर सगळ्यात मोठीचा अंदाज येतो, पाच मिनिटांत येत नाही. वाळू ओली कुठवर आहे तेही बघा. आणि कोरड्या वाळूवर एकटाच बसलेला मोठा तुकडा दिसला तर "ही जागा सेफ आहे" असं समजू नका, तो तिथे चालत गेलेला नाही, त्याला पाण्यानेच आणून टाकलंय.

मग बर्फ कुठे जास्त आहे ते बघा. वारा आणि प्रवाहाप्रमाणे कधी मुखाच्या पूर्वेला ढीग असतो, कधी पश्चिमेला. एका बाजूला चारच तुकडे दिसले म्हणून हिरमुसून परत गेलेले लोक मी बघितलेत, पलीकडे गाडीने पाच मिनिटांवर दोनशे पडलेले होते. पूल एकेरी आहे, समोरून गाडी येत असेल तर थांबा.

इशारा: एक घनमीटर बर्फाचं वजन ९०० किलोच्या वर असतं. सोफ्याएवढा तुकडा गुडघाभर पाण्यात सहज उचलला जातो आणि लोळतो. तुमच्या आणि समुद्राच्या मध्ये मोठा तुकडा असेल तर तो आडोसा नाही, तीच मुख्य भीती आहे. दोन मोठ्या तुकड्यांच्या मध्ये कधीच उभं राहायचं नाही. वर चढून फोटो काढणाऱ्यांबद्दल काय बोलू.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. पहिल्या वेळी मी फिल्टर बदलायला समुद्राकडे पाठ केली, बॅग "कोरड्या" वाळूवर ठेवलेली, एक चेन उघडी. आवाज आला असं वाटलं म्हणून वळलो तोवर पाणी गुडघ्याला, बॅग तरंगत निघाली होती, आणि चांगल्या सूटकेसएवढा एक तुकडा अगदी सावकाश, घाई नसल्यासारखा माझ्या नडगीवर येऊन टेकला. टेकला म्हणजे काय, दोन आठवडे पाय जांभळा होता. बॅग मिळाली, आतल्या दोन लेन्स गेल्या. वीस मिनिटं बघायचा नियम तेव्हापासूनचा. बॅग वाळूवर ठेवायची नाही हाही तेव्हापासूनचा, ती पाठीवरच राहते.

दोघे असाल तर एकाने फोटो काढायचे, दुसऱ्याने फक्त समुद्र बघायचा. आमच्याकडे हे काम बायको करते, "अरे आली, मोठी आली, सोड ते!" असं ओरडते आणि मी सोडतो. दर अर्ध्या तासाने पाळी बदला, तिलाही फोटो काढायचे असतात.

## ५. तुकडा निवडणे

सगळ्यात मोठ्या तुकड्याकडे जायचा मोह होतो. मोठे तुकडे बहुधा पांढरे, हवेच्या बुडबुड्यांनी भरलेले असतात, फोटोत थर्माकोल दिसतात. आपल्याला हवा तो मध्यम, घागरीएवढा ते फ्रिजएवढा, काचेसारखा स्वच्छ तुकडा, ज्यात भेगा आणि थर दिसतायत. दाबाखाली हवा निघून गेलेला बर्फ असा असतो, आणि जाड असेल तर निळा, कारण त्यातून जाताना लाल उजेड शोषला जातो.

खाली बसून तुकड्यामागे आकाशाचा उजळ भाग येतोय का बघा. दोन पावलं डावीकडे-उजवीकडे सरकलं तरी तुकडा विझतो किंवा पेटतो. रेवदंड्याची लादी आठवा.

अजून एक, तुकडा लाटेच्या वाटेत नेमका कुठे आहे? लाटेची कड त्याला वळसा घालून परत जाते अशा जागी असलेला तुकडा सगळ्यात चांगला. फार आत असेल तर दर लाटेला जागा बदलतो आणि एक सेकंदाच्या फोटोत भुतासारखा दुहेरी दिसतो. दोन-तीन लाटा बघा, हलला नाही तरच त्याच्यावर वेळ घाला.

## ६. ट्रायपॉड रोवणे

इथे ट्रायपॉड "ठेवत" नाहीत, रोवतात. पायांचे सगळ्यात खालचे, बारीक भाग आधी पूर्ण उघडा आणि गरज पडली तरच वरचे, म्हणजे सांधे आणि लॉक पाणी-वाळूच्या वर राहतात. नेहमीची सवय उलटी असते, तिथेच वाळू आत जाते.

पाय पसरट करा, मधला दांडा वर काढू नका, आणि सगळं वजन टाकून वीतभर वाळूत दाबा. आता लगेच फोटो नाही. एक लाट पायांवरून जाऊ द्या. परत जाणारं पाणी पायांखालची वाळू ओढून नेतं आणि ट्रायपॉड बोटभर खचतो, त्या खचण्यातच लोकांचे निम्मे फोटो हलतात. लाट गेली की परत दाबा, मग क्षितिज सरळ करा. दुसऱ्या-तिसऱ्या लाटेनंतर तो बसतो. कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवा, वाऱ्यात फडफडून तोही हलवतो. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हाताचं हलणं सावरणारी सोय) बंद.

तपासणी: एक हात ट्रायपॉडवर, नजर समुद्रावर, परत जायची वाट मोकळी? मागे तुकडे असतील तर पळताना अडखळाल. मोठी लाट येताना दिसली तर ट्रायपॉड उचला आणि वर जा. उशीर झाला असेल आणि बर्फ घेऊन लाट येत असेल तर ट्रायपॉड सोडा. कॅमेऱ्याचा विमा काढता येतो.

## ७. फोकस आणि एक्स्पोजर

ऑटोफोकस स्वच्छ बर्फावर गोंधळतो, आरपार मागचं क्षितिज पकडतो. बर्फ जिथे वाळूला टेकतो ती काळी-पांढरी कड पकडा, फोकस झाला की मॅन्युअलवर टाका आणि मग त्याला हात लावू नका. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर १६ मिमी आणि एफ ११ (लेन्सचं छिद्र किती उघडं त्याचा आकडा, मोठा आकडा म्हणजे लहान छिद्र) ठेवून एक मीटरवर फोकस केला तर अर्ध्या मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं चालण्यासारखं शार्प येतं. एफ २२ वर जायची काहीच गरज नाही, चित्र मऊ पडतं. सूर्य फ्रेममध्ये असेल आणि त्याचा तारा हवा असेल तर एफ १६.

आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १०० किंवा कॅमेऱ्याचा जो सगळ्यात कमी असेल तो, आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने बदल न केलेल्या फाइलमध्ये.

आता काळ्या वाळूची भानगड. कॅमेऱ्याला वाटतं फार अंधार आहे, म्हणून तो सगळं उजळ करतो आणि बर्फाच्या कडा पांढऱ्याफटक होऊन जातात, त्या नंतर परत आणता येत नाहीत. म्हणून बर्फावर चमक असेल तेव्हा एक स्टॉपच्या आसपास कमी करून सुरुवात करा आणि हिस्टोग्राम (उजळ-काळ्या भागांचा आलेख) बघा, स्क्रीनवरचं चित्र बघू नका, पहाटेच्या अंधारात स्क्रीन कायम उजळ वाटते. वाळू काळीच राहू दे, ती काळी असते.

शटर स्पीड हा सगळ्याचा गाभा. १/२५० वर लाट थिजते, फुटणाऱ्या लाटेचे तुषार हवे असतील तरच. १/४ ते १/२ सेकंदात फेसाच्या रेषा येतात आणि त्यांत पोतही राहतो. एक सेकंदात रेषा लांब, रेशमी. दोन सेकंदांच्या पुढे नुसतं धुकं होतं, लाटेची दिशाच हरवते. मी ८० टक्के फोटो अर्ध्या सेकंदाच्या आसपास काढतो. आणि १० स्टॉपचा फिल्टर लावून तीस सेकंदांचे फोटो काढायला जाणारे, तीस सेकंदांत तिथे ट्रायपॉड खचतो, तुकडा हलतो आणि दोन लाटा येऊन जातात, मग काय येणार.

फिल्टरचा हिशोब सोपा आहे. फिल्टरशिवाय १/६० येत असेल तर ३ स्टॉपने १/८ होतो आणि ६ स्टॉपने १ सेकंद. सूर्योदयाच्या आधी बहुतेक वेळा फिल्टर लागतच नाही, उगाच चढवू नका. पोलरायझरने ओल्या वाळूवरची चमक जाते, आणि ती चमकच बऱ्याचदा हवी असते, तेव्हा तो फिरवून बघा, आपोआप लावून टाकू नका.

व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटोवर सोडलात तर दर फोटोला बर्फाचा निळा बदलतो. ५२०० केल्विनच्या आसपास एकदा ठरवा आणि सोडून द्या.

## ८. बटण कधी दाबायचं

इथे जवळजवळ सगळे चुकतात. लाट येताना दिसते तेव्हा उत्साहाने बटण दाबतात आणि फोटोत बर्फाभोवती पांढरा लगदा येतो. येणारी लाट फेसाळ असते, तिला आकार नसतो. रेषा मिळतात परत जाणाऱ्या पाण्याच्या.

क्रम असा. लाट येते, तुकड्यावर आपटते, दोन्ही बाजूंनी पुढे जाते, वर जाऊन क्षणभर थबकते. हा थबकण्याचा क्षण ओळखायला शिका, पाण्याची कड अगदी स्थिर होते आणि फेसाचा आवाज बारीक होतो, सोडा ओतल्यावर शेवटी येतो तसा चुरचुर आवाज. मग पाणी मागे ओढलं जातं. ओढ सुरू झाली की दाबायचं, आणि दाबून ठेवायचं, कंटिन्युअस मोडवर सलग पाच-सहा फ्रेम. पहिल्या दोनमध्ये फेस जास्त, शेवटच्या दोनमध्ये पाणी संपलेलं, मधल्या एक-दोन जमतात. दोन सेकंदांचा टायमर लावला असेल तर हे जमत नाही, म्हणूनच रिमोट.

एकाच तुकड्यावर तीस-चाळीस लाटा घ्या. लोक दोन लाटा घेऊन पुढच्या तुकड्याकडे जातात आणि शेवटी हातात पन्नास तुकड्यांचे शंभर अर्धवट फोटो. माझा एका पहाटेचा हिशोब साधारण तीन तुकडे, चारशे फ्रेम, ठेवण्यासारखे पाच.

## ९. लेन्स पुसणे, दर तीन-चार लाटांनी

फुगा, मग ओलं, मग कोरडं. आधी फुग्याने वाळू उडवा, कारण वाळूसकट फडकं फिरवलंत की काचेवर ओरखडा कायमचा. मग गोड्या पाण्याने किंचित ओलं केलेलं फडकं, मीठ विरघळायला. मग कोरडं. नुसतं कोरडं फडकं फिरवलं तर मिठाचा पातळ पडदा बसतो, तो स्क्रीनवर दिसत नाही, घरी मोठ्या मॉनिटरवर दिसतो आणि मग रडू येतं. पुसताना पाठ वाऱ्याकडे, पण तोंड समुद्राकडेच. दोन्ही एकदम जमत नसेल तर वर कोरड्यात जाऊन पुसा.

## १०. लाटा उरल्या नाहीत, तेव्हा

पाणी फार उतरलं की वाइड लेन्स ठेवून द्या आणि ७०-२०० लावा. बर्फाच्या आतल्या भेगा, अडकलेली काळी वाळू, बुडबुड्यांच्या माळा, मागे सूर्य. भरपूर वेळ जातो यात आणि ट्रायपॉडही नेहमी लागत नाही.

फक्त मोबाइल असेल तर आयफोनच्या लाइव्ह फोटोत नंतर लाँग एक्स्पोजर निवडता येतं, अँड्रॉइडमध्येही बऱ्याच फोनांत तसा मोड असतो. फोन तुकड्याच्या उंचीवर खाली धरा, दोन्ही कोपर गुडघ्यांवर टेकवून. फोन खाली, डोकं वर. खाली वाकून स्क्रीनमध्ये बघत बसणाऱ्यांनाच लाट गाठते.

किनारा अगदी रिकामा निघाला तर रस्त्यापलीकडे तळं आहेच, तिथे बर्फ असतो आणि सीलही दिसतात. बरोबर भाकरवडी ठेवा, मध्ये खायला, तिथे काहीही विकत घेतलं की आपण मनात रुपये करतो आणि घास उतरत नाही.

## ११. परतल्यावर, जेवायच्या आधी

थंडीतून कॅमेरा सरळ उबदार खोलीत नेलात की आतबाहेर दव धरतं. बाहेर असतानाच मेमरी कार्ड काढून घ्या, कॅमेरा झिपच्या पिशवीत हवाबंद करा आणि खोलीत तसाच दोनेक तास पडू द्या.

मग ट्रायपॉड, आणि हे उद्यावर टाकू नका. बाथरूममध्ये साध्या पाण्याच्या धारेखाली पाय उघडून धुवा, लॉक फिरवून मोकळे करा, आतले भाग पूर्ण बाहेर काढा. काळी वाळू इतकी निघते की हॉटेलच्या बाथरूमची लाज वाटते, खाली टॉवेल अंथरून तिथेच गोळा करा, मोरीत सोडू नका. रात्रभर पाय उघडेच ठेवून वाळवा. कॅमेऱ्याची बॉडी ओलसर फडक्याने पुसा, बटणांच्या फटी आणि लेन्सच्या रिंगा खास करून.

सकाळी ट्रायपॉड बंद करताना लॉक फिरवून कान लावा. किरकिर आवाज आला तर वाळू राहिलेय, परत उघडा.